टाइनमच्या खुंट्या

(दृश्य: भिंतीवर लाकडी पट्टी, तिच्यावर ओळीनं कोट टांगायच्या खुंट्या. प्रत्येकीपाशी एक नाव. बाहेर पावसाचा आवाज.)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, ही एका खोलीची शाळा आहे. आत आलं की आधी खुंट्या दिसतात. माझ्या आठ वर्षांच्या मुलीनं आपला ओला रेनकोट त्यातल्या एकीवर टांगला. मग तिथलं नाव वाचलं आणि कोट काढून परत हातात घेतला. म्हणाली, "बाबा, ही कुणाची तरी आहे."

बरोबर आहे. पण त्या कुणाला तरी इथं कोट टांगून आता नव्वदच्या वर वर्षं झाली.

गावाचं नाव लिहितात टाइनहॅम, पण बोलताना 'ह' गिळायचा. टाइनम. डोंगर उतरून येणारा एकच अरुंद रस्ता, एक चर्च, समोर शाळा, पोस्टाची चाळवजा घरं, आणि अर्ध्या तासाच्या आत पायी गाठता येईल असा वर्बॅरो नावाचा समुद्रकिनारा. आज घरांना छपरं नाहीत. चुली आहेत, खिडक्यांच्या चौकटी आहेत, आणि जिथं माणसं झोपायची तिथं नेचे उगवलेत. शाळा आणि चर्च मात्र सावरून ठेवली आहेत. शाळेची मांडणी 1920 च्या दशकातल्यासारखी केली आहे. बाकं, शाईच्या दौती, वह्या.

(दृश्य: बाकावरची उघडी वही. दौतीचं भोक.)

त्या काळात मूल पाचव्या वर्षी शाळेत यायचं आणि चौदाव्या वर्षी सुटायचं. पाच वर्षांचं आणि तेरा वर्षांचं एकाच खोलीत. मोठ्यानं लहानाची शाई पुसायची, लहानानं मोठ्याचे पाढे ऐकून ऐकून आपोआप पाठ करायचे. काहींची घरं खाली किनाऱ्यावर, काहींची शेतांवर. सगळे चालत यायचे. डॉर्सेटचा पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळत नाही. तो दिवसभर नुसता झिमझिमत राहतो आणि लोकरीच्या कोटात मुरतो. एका खोलीत वीस-पंचवीस ओले कोट वाळत असतील तर कसा वास येत असेल, हे ज्यानं जूनमध्ये मराठी शाळेत ओल्या दप्तराशेजारी बसून कविता म्हटल्या आहेत त्याला सांगायला नको.

24 मे हा तेव्हा एम्पायर डे, ब्रिटिश साम्राज्याचा दिवस. इंग्लंडभर शाळाशाळांतून झेंड्याला सलामी, गाणी, आणि भिंतीवरच्या नकाशात गुलाबी-लाल रंगवलेले देश. त्या रंगात आपणही होतो. ज्यांना दहा मैलांपलीकडचं गाव क्वचित दिसायचं, त्या मुलांना मुंबई कुठं आहे ते काठीनं दाखवता यायचं. मला याचा राग यायला हवा होता. या खोलीत उभं राहिल्यावर तो नीट येत नाही.

पण नकाशापेक्षा मुलांच्या हाताला जास्त परिचयाची होती ती दाराबाहेरची झाडं-पाखरं. निसर्गअभ्यास हा इथला विषय. कुठलं फूल कधी फुललं, कुठला पक्षी कधी आला. डोंगरपलीकडच्या लल्वर्थचं नाव मिळालेलं एक छोटं, नारिंगी-तपकिरी फुलपाखरू आहे, लल्वर्थ स्किपर. ब्रिटनमध्ये ते पहिल्यांदा नोंदलं गेलं 1832 साली, याच किनारपट्टीवर. गवताच्या उतारावर ते आजही उडतं. त्याचं कारण पुढं येईल, आणि ते जरा विचित्र आहे.

(दृश्य: वर्बॅरोचा किनारा. गोट्यांवर लाटा.)

शाळा सुटली की समुद्र. इथले कोळी बांगड्याच्या भाऊबंदावर, मॅकरेलवर जगायचे. थवा किनाऱ्याजवळ आला की होडीतून जाळं वळवून टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची. म्हणजे रापणच. रापण ओढताना हात कमी पडतात, हे मालवणच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, आणि अशा वेळी पोरांना कोण घरी बसवतं!

आता हे सगळं ऐकताना गोड वाटतं. इथंच थोडं सावध व्हायला हवं. या घरांत वीज नव्हती, गॅस नव्हता, नळ नव्हता. पाणी बाहेरून भरून आणायचं. ते बऱ्याचदा कुणी आणायचं? ज्यांची नावं त्या खुंट्यांवर आहेत, त्यांनीच. गावातली बहुतेक कुटुंबं कुळं होती. जमीन, घरं, सगळं बाँड घराण्याच्या मालकीचं. वाड्यावर, शेतावर काम असेल तोवर घर.

आणि टाइनमबद्दल सगळे सांगतात ती गोष्ट दुसऱ्या महायुद्धापासून सुरू होते. मला वाटतं ती तिथून सुरू करणं चुकीचं आहे. ही शाळा बंद झाली 1932 साली. युद्धाला अजून सात वर्षं होती. मुलं उरली नव्हती, एवढंच. शेतातलं काम घटलं, तरुण माणसं दुसरीकडं गेली, आणि उरलेली पोरं बसनं कॉर्फ कॅसलच्या शाळेत जाऊ लागली. खोली गावाच्या कार्यक्रमांना वापरात आली. सैन्य यायच्या आधी अकरा वर्षं या खुंट्या रिकाम्याच होत्या.

(दृश्य: चर्चचं दार.)

मग 1943 चा नोव्हेंबर. घरोघरी सरकारी पत्रं आली. शेजारच्या लल्वर्थला पहिल्या महायुद्धापासून रणगाड्यांच्या तोफांचा सराव चालायचा. आता युरोपात उतरायची तयारी सुरू होती आणि सरावाला जास्त जागा हवी होती. 19 डिसेंबरच्या आत गाव रिकामं करा. सुमारे सव्वादोनशे माणसं, नाताळाच्या सहा दिवस आधी. जाता जाता चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली गेली: चर्च आणि घरं सांभाळून वापरा, युद्ध जिंकायला मदत म्हणून आम्ही ती सोडतो आहोत, एक दिवस आम्ही परत येऊ.

ते आले नाहीत. 1948 साली सरकारनं जमीन सक्तीनं विकत घेतली. पैसे मालकाला. कुळांना भरपाई मिळाली ती परसातल्या भाजीपाल्याची. कोबी, बटाटे, जे काही जमिनीत होतं त्याचा हिशेब झाला. जिथं पोर जन्मलं त्या खोलीचा झाला नाही.

बरेच जण वेअरमच्या आसपास नव्या घरांत गेले. तिथं नळाला पाणी होतं, बटण दाबलं की दिवा. काही म्हातारी माणसं झुरली. पण बादल्या वाहून ज्यांच्या हातांना घट्टे पडले होते, त्या सगळ्यांनीच रडत दिवस काढले असतील असं मला वाटत नाही.

गाव परत द्या म्हणून पुढं मोहीम झाली, समिती नेमली, तिनं जमीन सोडावी असं सुचवलं, सरकारनं ऐकलं नाही. मिळालं ते एवढंच की 1975 पासून बहुतेक शनिवार-रविवारी लोकांना आत यायला मोकळीक. आणि तोफांच्या धाकानं इथं हॉटेलं आली नाहीत, बंगले आले नाहीत, शेतात औषधं फवारली गेली नाहीत. म्हणून गवत तसंच राहिलं. म्हणून ते फुलपाखरू.

पोस्टासमोर एक टेलिफोनची खोकी आहे, 1929 च्या धर्तीची, काँक्रीटची. लोक तिच्यासमोर फोटो काढतात. मूळची 1985 साली एका सिनेमाच्या शूटिंगमध्ये मोडली; ही नंतर आणून बसवलेली.

(दृश्य: उतरती ऊन. माणसं गाड्यांकडं परततायत.)

इथं चहाची टपरी नाही. थर्मासमधला शेवटचा चहा आम्ही शाळेच्या भिंतीला टेकून प्यायलो. पाऊस थांबला होता. मुलगी पुन्हा आत गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. किती नावं आहेत ते मोजत होती म्हणे, पण मध्येच कुणीतरी आत आलं आणि आकडा चुकला.

उद्या सोमवार. डोंगरावर तोफांच्या सरावाचा लाल बावटा चढेल.