फाटक नसलेले कामगार

श्रोतेहो, नमस्कार.

एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकलेली माणसे नागपुरात अजून आहेत. 1877 मध्ये सुरू झालेल्या त्या गिरणीतील कामगारांना एकत्र येण्यासाठी निमंत्रण लागत नसे. पाळी सुटली की फाटकावर माणसे जमत आणि तिथेच सभा होई. सोनेगावहून पहाटे उडणाऱ्या विमानातील केबिन क्रूला असे फाटक नाही. आज सोबत काम केलेली सहकारी रोस्टरवर पुन्हा कधी भेटेल, हे सांगता येत नाही. त्यातून ‘हवाई सुंदरी’ हा आपला शब्दच मुळात त्यांना कामगार मानत नाही. त्यांनी कामगार संघटनेत जावे काय, या प्रश्नाला माझे उत्तर ‘जावे’ असेच आहे.

आपल्या शहरातील प्रशिक्षणवर्गांच्या जाहिरातींत गणवेश आणि हसरा चेहरा दिसतो. पगाराचे गणित दिसत नाही. या व्यवसायात उत्पन्नाचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो, आणि ते घड्याळ सहसा विमान जागचे हलल्यावरच सुरू होते. प्रवाशांना बसवणे, बॅगा वर चढवून देणे, धुक्याने खोळंबलेल्या विमानात चिडलेल्या माणसांना शांत ठेवणे, हे सारे त्या घड्याळाच्या बाहेर राहते. ऑगस्ट 2025 मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यातील मुख्य मुद्दा हाच होता. याउलट अमेरिकेतील डेल्टा कंपनीने, केबिन क्रूची संघटना नसतानाही, 2022 पासून प्रवासी चढवण्याच्या वेळेचे निम्म्या दराने पैसे देणे सुरू केले. संघटनेला विरोध करणारे हे उदाहरण आवर्जून देतात, आणि ते खोटे नाही. परंतु अशी देणगी कराराने बांधलेली नसते.

आपल्याकडे ऑक्टोबर 2008 मध्ये जेट एअरवेजने शेकडो कर्मचाऱ्यांना एकाएकी घरी बसवले. ती मुले गणवेशातच राज ठाकरे यांच्याकडे गेली आणि लगोलग मालकांनी निर्णय मागे घेतला. नोकऱ्या वाचल्या, पण त्या कृपेने वाचल्या. एप्रिल 2019 मध्ये कंपनीचीच उड्डाणे थांबली, तेव्हा ती कृपा पुरी पडली नाही. बुडत्या कंपनीला संघटनाही तारू शकत नाही, हे मी नाकारत नाही. न्यायालयाचा मार्गही अर्धाच नेतो. एअर इंडियाच्या हवाई सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये पहिल्या गरोदरपणी नोकरी संपवण्याचा नियम रद्द केला, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांतील लग्नबंदी मात्र कायम ठेवली.

मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसच्या क्रूने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली, उड्डाणे रद्द झाली आणि प्रवाशांचे हाल झाले. त्या प्रवाशांचा राग मी समजू शकतो. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली असून, निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली नैमित्तिक रजाही तीत संपच मानली जाते, आणि संपाआधी नोटीस द्यावी लागते. म्हणजे एकदम रजा टाकण्याचा आडमार्ग अरुंद झाला आहे. उरतो तो वाटाघाटीचा, आणि एकाहून अधिक संघटना असतील तर 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटनाच तिथे एकमेव प्रतिनिधी ठरते. ज्या नेत्याच्या नावाने आपला विमानतळ ओळखला जातो, त्या डॉ. आंबेडकरांनी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना, 1943 मध्येच, मालकांनी संघटनेला मान्यता देण्याचे विधेयक मांडले होते.

एक धोका मात्र नागपूरकरांना ठाऊक असावा. 1929 मध्ये आयटक, म्हणजे ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, या कामगार संघटनांच्या महासंघाचे अधिवेशन इथेच जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले आणि इथेच नेत्यांच्या मतभेदांतून ती संघटना फुटली. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या मुलींनी, आणि मुलांनीही, संघटनेची शेवटची निवडणूक कधी झाली आणि वर्गणीचा हिशेब कुठे पाहायला मिळेल, हे विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर स्वतःची संघटना काढावी: नोंदणीच्या अर्जावर सात सह्या पुरतात, सभासद मात्र एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तितके लागतात.