रिकामी बाही

हा चोपड्याजवळचा केळीचा मळा, मागं सातपुडा. बांधावर उभा आहे तो माझा मावसभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. डावा हात कोपराखाली नाही, कुट्टी मशीनमध्ये गेला.

2021 मध्ये टोकियो पॅरालिम्पिकला मनीष नरवालनं 50 मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड आणलं, त्याच्या उजव्या हातात जोर नाही, डाव्यानं नेम धरतो, ते बघितल्यापासून दादाच्या डोक्यात एकच, एअर पिस्तूल शिकायचं.

जळगावला गेलो. पहिल्या दुकानात शेठनं रिकाम्या बाहीकडं बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, हाई तुनं काम नही." पिस्तूल काचेबाहेर काढलंसुद्धा नाही. दादा बाहेर येऊन किती वेळ नुसता गाडीवर बसून होता.

विकणाऱ्याला नाही म्हणता आलंच पाहिजे, हे मी मनापासून मानतो. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 9 सांगतं की ज्याला बंदी आहे किंवा ज्याचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटतं त्याला बंदूक विकायची नाही, पण त्या कलमात हातापायाचा शब्दच नाही. आणि 10 मीटर एअर पिस्तूल तर सगळेच एका हातानं मारतात, नियमच आहे तो, दुसरा हात लावायचा नाही!

दुसऱ्या दुकानातल्या काकांनी रिकामं पिस्तूल हातात दिलं. "नळी भिंतीकडं ठेवा, आता उघडून दाखवा." ते नळी खाली दुमडून भरायचं मॉडेल होतं, स्प्रिंग कडक, एका हातानं अर्ध्यात सुटली तर नळी फटकन मिटते न् बोटं सापडतात. काकांनी स्पष्ट सांगितलं, हे मी तुम्हाला देणार नाही. मग हवा आधीच भरलेलं, लिव्हरवालं काढलं. महाग होतं, पण दादानं घेतलं.

4.5 मिलिमीटरची, 20 ज्यूलच्या आतली एअरगन, तिला लायसन लागत नाही, पण छर्र्यानं डोळा जातो, खेळणं नाही ते.

आता जवळून बघा. टेबलावर पिस्तूल आडवं, नळी मातीच्या बांधाकडं, दादानं मूठ कोपरानं दाबून धरली आहे. अंगठ्यानं लिव्हर मागं घेतो, चिमटीतला छर्रा आत ठेवतो, लिव्हर बंद करतो. पिस्तूल उचललं तरी बोट अजून ट्रिगरच्या बाहेरच आहे, बांधाकडं कुणी नाही ना ते एकदा बघून घेतो, मगच आत जातं.