शालीवरची कोयरी, खालून वर

(ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या दालन-फेरीतल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, खुर्च्या कपाटासमोरच मांडल्या आहेत, निवांत बसा. जवळचा चष्मा असेल तर लावा. आपल्याला काश्मिरी शालींचे पदर पाहायचे आहेत, आणि तेही खालून वर.

सतराव्या शतकातल्या या तुकड्यावर कोयरी शोधू नका, ती नाहीच. ओळीनं सुटी फुलझाडं आहेत. नाजूक देठ, थोडी पानं, वर फूल आणि बुडाशी चक्क मुळं. जहांगीर-शहाजहानच्या काळात अशी झाडं चित्रांत उमलली, संगमरवरात उमलली, तशीच शालींवरही. अठराव्या शतकात झाड दाटत जातं, त्याचा गुच्छ होतो, कधी तो फुलदाणीत बसतो. मग शेंडा एका बाजूला कलतो. पुढे गुच्छाभोवती बाह्यरेषा येते आणि फुलं तिच्या आत कोंडली जातात. झाली कोयरी! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती एवढी लांबते, की शालीचं मोकळं अंग दिसेनासं होतं. मला विचाराल तर तिथे तिचा डौल गेला. पण युरोपातल्या गिऱ्हाइकाला तेच हवं होतं.

विणकाम पाहा. इथे नक्षीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची वेगळी लाकडी काडी, म्हणजे कानी, आपल्यापुरत्या भागात फिरते आणि शेजारच्या रंगात अडकून परतते. काकू, बरोबर ओळखलंत, पैठणीचा पदरही याच जातीचा. फक्त काश्मिरी वीण तिरपी असते. विणकरासमोर चित्र नसायचं. ‘तालीम’ नावाच्या कागदावर कोणत्या रंगाचे किती धागे हे खुणांनी लिहिलेलं असे, ते मोठ्यानं वाचलं जाई आणि हात त्या हुकमावर चालत. भरगच्च शालीला वर्षही पुरत नसे.

आपल्याकडे शालजोडी हा दरबारी मान होता. इंग्रजांनाही तिची किंमत कळत होती. 1846च्या अमृतसरच्या तहानं इंग्रजांकडून काश्मीर मिळालेल्या जम्मूच्या गुलाबसिंगांनी इंग्रजांना दरवर्षी एक घोडा, शालीच्या लोकरीच्या बारा बकऱ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या द्याव्यात, असं कलमच आहे.

फ्रान्स हा मोठा गिऱ्हाईक. 1870 मध्ये त्याचं प्रशियाशी युद्ध जुंपलं, तिकडची फॅशनही पालटली आणि मागणी कोसळली. त्यावर 1877चा दुष्काळ. विणकर देशोधडीला लागले.

शेवटची शाल स्कॉटलंडमधल्या पेझलीची. भोकं पाडलेल्या पत्त्यांच्या आधारे नक्षी आपोआप विणणारा, फ्रान्समध्ये 1804च्या सुमारास निघालेला जकार्डचा माग तिथेही पोचला आणि कोयरी स्वस्त झाली. समोरून ओळखणं अवघड, म्हणून आम्ही ती मुद्दाम उलटी मांडली आहे. नक्षीत न लागलेले रंग मागून मोकळे धावतात, ते कापून टाकत. ती कापलेली टोकं पाहा, आणि मग शेजारच्या काश्मिरी शालीची पाठ पाहा.