तबकडी कुठून आली, ते लिहून ठेवा

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय ‘ऑनलाइन लिलाव आणि आपला संग्रह’. इथे बसलेल्या बहुतेकांच्या कपाटात बाझी डॉट कॉम किंवा ईबे या लिलावाच्या साइटवरून आलेली ग्रामोफोनची निदान एक तरी तबकडी असणार. त्यामुळे ७८ फेऱ्यांची रेकॉर्ड म्हणजे काय, पिन किती वेळा बदलायची, यात वेळ घालवत नाही. मला एकच सांगायचंय: त्या खरेदीचे ईमेल, चिठ्ठ्या, पार्सलवरचे पत्ते, जे काही घरात उरलं असेल, ते संग्रहाचाच भाग आहे.

त्याआधी आपण घेत कुठे होतो? पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजार. तिथे बालगंधर्वांचं लेबल दिसलं की चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही, ही पहिली शिस्त. दुकानदार तबकडीचा भाव करतच नसे, तो आपल्या डोळ्यांचा भाव करे! (हशा) २००० साली बाझी सुरू झालं आणि पहिल्यांदा चेहरा लपवायची गरज उरली नाही. तबकडी कोलकात्यात, आपण सदाशिव पेठेत. आपली कमाल रक्कम भरून ठेवायची. समोरच्याला मागे टाकायला लागेल तेवढीच बोली साइट आपोआप वाढवणार. रात्री सगळे झोपले की फोनची लाइन इंटरनेटला लावायची, आणि लिलाव संपायच्या शेवटच्या मिनिटात काय ते ठरायचं.

या शेवटच्या मिनिटावर अभ्यास झालाय बरं का. अल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थतज्ज्ञांचा २००२ सालचा लेख आहे. ईबेवर लिलाव ठरल्या वेळी बंद होई, अॅमेझॉनच्या लिलावात मात्र उशिरा बोली आली की वेळ वाढे. म्हणून ईबेवर शेवटच्या क्षणाच्या बोल्या कितीतरी जास्त. आणि त्यातही संगणकांपेक्षा जुन्या दुर्मीळ वस्तूंवर जास्त! का? कारण जाणकार माणसाने आधीच बोली लावली की बाकीच्यांना कळतं, इथे काहीतरी आहे. चोर बाजारातली चेहऱ्याची शिस्त ती हीच, फक्त घड्याळावर गेलेली.

ईबेची सुरुवात १९९५ची. पहिली विकलेली वस्तू म्हणजे बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरना. ईबेचे संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला विचारलं, अहो, तो बिघडलाय, माहीत आहे ना? तो म्हणाला, मी बिघडलेलेच जमवतो. आपल्या संस्थेचा सभासद शोभला असता. (हशा)

आता ती पार्सलची गोष्ट. काही जणांनी ऐकली असेल, तरी सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यातच आहे. कोलकात्याच्या एका गृहस्थांकडून मी तीन तबकड्या लिलावात घेतल्या. डिमांड ड्राफ्ट पाठवला, वाट पाहिली. पार्सल आलं, मांजरपाटात शिवलेलं, टाक्यांवर लाखेचं सील. आत काय, तर वर्तमानपत्राचे दोन थर. हलवल्यावर आतून जो आवाज आला, तो तुम्हा सगळ्यांना ओळखीचा आहे. लाखेची तबकडी वाकत नाही, ती फुटते. दोन गेल्या होत्या. त्यातली एक हिराबाईंची.

फार राग आला. साइटवरच्या अभिप्रायात लाल, म्हणजे वाईट, शेरा देण्याइतका. पण त्या माणसाने आयुष्यात कधी तबकडी पाठवलेली नसणार, हे त्या शिलाईवरूनच दिसत होतं. मी त्यांना पत्र लिहिलं: तबकडीपेक्षा मोठे दोन जाड पुठ्ठे घ्या, मधे ती हलणार नाही अशी चिकटपट्टी लावा, आणि मग हा संच मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी कागदाचे बोळे घालून ठेवा. कड कुठेही खोक्याला टेकता कामा नये. पुढचं पार्सल आलं ते उंचावरून टाकलं तरी फुटलं नसतं! आणि आत एक चिठ्ठी होती. या रेकॉर्ड मामांच्या, मामा मुंबईला रेल्वेत होते, तिथेच घेतल्या, घरी मराठी कुणालाच कळत नसे पण रविवारी लागत. त्यानंतर प्रत्येक पार्सलमध्ये अशी चिठ्ठी येऊ लागली. मराठी नाट्यगीतं बंगाली घरात कशी पोचली, हे मला दुसऱ्या कुठल्या कागदावर वाचायला मिळणार होतं?

(अध्यक्षांची चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं. बरं.)

तर मुद्दा. २००४मध्ये ईबेने बाझी विकत घेतलं. १४ ऑगस्ट २०१८ला ईबेची भारतातली साइटही बंद झाली. लेबलांचे फोटो, शेवटची किंमत, विक्रेत्याचं वर्णन, दोन अनोळखी माणसांचे अभिप्राय, सगळं आपल्या नजरेआड गेलं. आपल्या तबकड्यांना बाजारात काय भाव होता, याची एवढी मोठी उघडी नोंद त्याआधी कधीच नव्हती. आता ती फक्त तुमच्या जुन्या मेलबॉक्समध्ये आहे.

१९०२मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या गैसबर्गने कोलकात्यात गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण केलं, तबकड्या छापल्या जर्मनीत हॅनोव्हरला. गाणं संपल्यावर ती आपलं नाव सांगते, म्हणून आज शंका उरत नाही. पुढच्या तबकड्या स्वतःहून बोलत नाहीत. लेबलजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक सांगतो ती मुद्रणाची गोष्ट. छापल्यापासून आपल्या हाती येईपर्यंतची साठ-सत्तर वर्षं त्यात नाहीत. ती विक्रेत्याच्या त्या चार ओळींत असतात.

म्हणून घाईत सांगतो. प्रत्येक तबकडीमागे एक कागद: लेबल, मॅट्रिक्स क्रमांक, कधी घेतली, कुणाच्या घरातून आली, किती बोली लागली, तडा आधीचा की वाटेतला. विक्रेत्याचं नाव-पत्ता वेगळ्या पाकिटात, सगळ्यांना दाखवायला नको. ईमेल असतील तर छापून घ्या, पासवर्ड विसरण्याआधी. फुटलेल्या तबकड्यांची लेबलंही टाकू नका. दाराजवळच्या टेबलावर नोंदीचे कोरे कागद ठेवलेत, घरी नेऊन भरा आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीला घेऊन या. स्कॅनर मी आणतो.