वाहून गेलेलं गरनाळं: दिवाळी ते वसंत पंचमी

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्यात गरनाळं म्हटलं की आधी अलकापुरीचं आठवतं, रेल्वेखालचं. आज विषय त्याचा नाही. गावाच्या किंवा सोसायटीच्या वाटेवर, कांसेवर (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यावर) नाहीतर ओहोळावर दोन पाइप टाकून वरून रस्ता नेलेला असतो, त्या लहान गरनाळ्याचा आहे. महाराष्ट्रातले इंजिनियर त्याला मोरी म्हणतात. 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळजवळ 500 मिलिमीटर पाऊस झाला, ऑगस्ट 2024 च्या अखेरीस पुन्हा पूर आला. अशा वेळी विश्वामित्री नदी काळाघोड्याच्या पुलापाशी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडते, तिला मिळणाऱ्या कांसांचं पाणी मागे फुगतं, आणि खचतं ते पहिल्यांदा हे दोन पाइपांचं गरनाळं.

ते नव्याने बांधायला बडोद्याचं हवामान आणि विश्वामित्रीतल्या मगरी आपल्याला एकच मोकळा काळ देतात: दिवाळी ते वसंत पंचमी. त्याआधी ओहोळ वाहता असतो, काळी माती पाणी धरून असते, खोदलेली बाजू ढासळते. फेब्रुवारीपासून मगरी काठावर अंडी घालायला लागतात, मे-जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात, आणि तोवर ढग जमलेले असतात. म्हणून भाद्रपदात अर्ज, आश्विनात मंजुरी आणि कार्तिकात कुदळ, असा क्रम जमला पाहिजे. फाइल जानेवारीत हलायला लागली तर ते वर्ष गेलं असंच धरा.

भाद्रपदात अर्ज करायचा, तर पूर ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन जागेवर जायला हवं. बाभळीच्या फांद्यांना अडकलेलं गवत, भिंतीवरची चिखलाची रेघ, कुंपणाला लटकलेल्या पिशव्या: पाणी कुठवर चढलं त्याचा हा पुरावा आठवडाभरही टिकत नाही. तळापासून त्या रेघेपर्यंतची उंची मोजा. वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला 50-50 मीटरवर ओहोळाची काठापासून काठापर्यंतची रुंदी मोजा, मोजपट्टी दिसेल असे फोटो घ्या. अर्जातला सगळ्यात वजनदार कागद हाच असतो आणि त्याला खर्च काही नाही.

नेमक्या याच दिवसांत एक चूक होते, आणि ती फार महाग पडते. रस्ता चालू करायचा म्हणून ट्रॅक्टरने पाडकामाचा मलबा आणून खड्ड्यात ओततात. विटा, प्लास्टर, टाइल्स, सगळं ओहोळात. पुढच्या पावसात तो मलबा खाली वाहून दुसऱ्याचं गरनाळं बुजवतो. तात्पुरती वाट लागतेच, लोकांना दवाखान्यात जायचं असतं. ती वाळूच्या गोण्या आणि सुटे पाइप टाकून करावी, आणि ती कधी काढणार ती तारीख लिहून ठेवावी. 2021 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्रीचा कृती आराखडा राबवायला सांगितलं आहे. नदीच्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, भराव टाकणं आता कोणी किरकोळ बाब समजू नये.

आता खचलेलं गरनाळं जवळून पाहू. खालच्या तोंडाशी, पाण्याने उडी घेतली तिथे, माणूस उभा राहील एवढा डोह पडलेला असतो. पाइपचं शेवटचं टोक त्या डोहावर अधांतरी. आत टॉर्च मारला तर दोन पाइपांच्या सांध्यावरची कॉलर (जोडकडी) निघालेली आणि फटीतून वरची माती गळून गेलेली दिसते. रस्त्यावर चाकाखाली अचानक जो खड्डा पडतो तो या गळतीचा. म्हणजे पाइप फुटत नाही, त्याच्या भोवतालची आणि पायाखालची माती जाते. माती जाते कारण तोंड अरुंद. दहा फूट रुंदीचं पाणी तीन-तीन फुटांच्या दोन भोकांतून काढायचं तर ते वेग घेणारच.

तेव्हा 'होतं तसंच परत बांधा' ही मागणी करू नका. तसंच बांधलं तर तसंच जाईल. हिशेब साधा आहे आणि इंडियन रोड्स काँग्रेसच्या लहान पूल आणि मोऱ्यांच्या मार्गदर्शिकेत तो दिलेला आहे. पाणलोट हेक्टरमध्ये, पावसाची तीव्रता ताशी सेंटिमीटरमध्ये घ्या, जमिनीच्या गुणांकाने (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून येतो त्या आकड्याने) गुणा आणि मग 0.028 ने गुणा. सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळतं. 60 हेक्टर पाणलोट, ताशी 6 सेंटिमीटर पाऊस आणि गुणांक 0.6 धरला तर उत्तर येतं साधारण 6 घनमीटर. 900 मिलिमीटरच्या दोन पाइपांचं तोंड मिळून सव्वा चौरस मीटर. सेकंदाला 2 मीटर वेगाने त्यातून अडीच घनमीटर जातं. उरलेलं साडेतीन घनमीटर रस्त्यावरून जाणार, दुसरी वाट नाही. आणखी एक गोष्ट: पूर्वी वरच्या अंगाला शेतं होती तेव्हा गुणांक 0.4 धरत, आज तिथे फरशी आणि डांबर असेल तर तो 0.9 पर्यंत जातो. पाऊस तोच, पाणी दुपटीहून जास्त.

या उदाहरणात 3 मीटर रुंद आणि 2 मीटर उंच काँक्रीटची पेटी चांगली बसते. तिचा तळ ओहोळाच्या तळापेक्षा 30 सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे आत माती-वाळूचा नैसर्गिक तळ साचतो आणि मासे, कासवं, मगरीची पिल्लं उडी न मारता आरपार जातात. तरीही 5 चौरस मीटर मोकळं राहतं, झाडाच्या फांद्या जायला जागा उरते. पेटीच्या दोन्ही टोकांना जमिनीत उभी पडदी भिंत हवी, वरच्या अंगाला साधारण 2 मीटर आणि खालच्या अंगाला अडीच मीटर खोल. तिच्यापुढे दगडांचा सैल थर, वरच्या अंगाला 3 मीटर आणि खालच्या अंगाला 6 मीटर लांब, एक-एक दगड 40 किलोच्या वरचा. खर्च वाचवायला हाच थर गाळतात आणि डोह पुन्हा तिथेच पडतो. बाजूचा भराव काळ्या मातीचा नको. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. मुरूम 20-20 सेंटिमीटरच्या थरांनी दाबून घ्या, आणि तो रॉयल्टी पास असलेल्या खाणीतूनच आणा.

आता परवानग्या. 'पर्यावरणाची मंजुरी अडली आहे' असं सर्रास ऐकू येतं. 14 सप्टेंबर 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग आहेत. गावच्या रस्त्यावरचं 6 मीटरपर्यंतचं गरनाळं त्या यादीत नाही. 1974 चा पाण्याचा कायदा प्रवाहाला अडथळा होईल असं काही टाकायला मनाई करतो, पण कलम 24 मध्येच पूल, नाली यांसारखी हक्काची पक्की कामं वगळली आहेत, आणि काठ सावरायला टाकलेला भरावही, तो पाणी नासवणारा नसेल तर. म्हणजे गरनाळं बांधायला या कलमाची आडकाठी नाही, मलबा ओतण्याला आहे.

मग लागतं काय? पहिलं, रस्ता कोणाचा ते ठरवणं: सेवासदनाचा (म्हणजे महानगरपालिकेचा), जिल्हा पंचायतीचा की मार्ग व मकान (सार्वजनिक बांधकाम) खात्याचा. अर्ज मालकानेच करायचा असतो. ओहोळाचा तळ सरकारी जमीन, म्हणून महसूल खात्याची नोंद हवी. पाण्याच्या हिशेबावर सिंचन खात्याची ना-हरकत हवी. झाड तोडावं लागणार असेल तर शहरात सेवासदनाकडे, गावात मामलतदाराकडे (तहसीलदाराकडे) वेगळा अर्ज. आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: गुजरातमध्ये अनेक रस्त्यांच्या कडेच्या झाडांच्या पट्ट्या संरक्षित वन म्हणून जाहीर झालेल्या आहेत. नव्या गरनाळ्याची पंखभिंत, म्हणजे तोंडाशी बाजूला तिरकी जाणारी भिंत, त्या पट्टीत एक मीटर जरी गेली तरी वनखात्याचा प्रश्न येतो, आणि तो अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरून जातो. नकाशा काढण्याआधी वनखात्याच्या विभागीय कचेरीत पट्टीची हद्द विचारा. पंखभिंतीचा कोन बदलून दोन महिने वाचू शकतात.

मगरीबद्दल थोडं सावकाश बोलायला हवं. ती 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणंच नव्हे, घरट्याला त्रास देणंही येतं. जेसीबीच्या एका फावड्याने ते होऊ शकतं, तेही नकळत. म्हणून काम सुरू करण्याआधी वनखात्याच्या माणसासोबत दोन्ही काठ पायी तपासायचे, वर आणि खाली. पोट घासून पडलेली गुळगुळीत घसरण, पाण्याच्या रेषेशी अर्धं बुडालेलं बिळाचं तोंड, हिवाळ्याच्या सकाळी उन्हात पडलेली मगर, या खुणा. बीळ सापडलं तर तो काठ कापायचा नाही, यंत्र समोरच्या बाजूने उतरवायचं. मगर कामाच्या जागी आलीच तर काम थांबवून वनखात्याला कळवायचं. तिला हाकलायचा किंवा पकडायचा अधिकार ठेकेदाराला नाही आणि गावालाही नाही.

काम चालू असताना ओहोळ आटलेला दिसला तरी तळाशी पाणी असतंच. वरच्या अंगाला वाळूच्या गोण्यांचा बांध घाला, सैल मुरुमाचा नको, तो विरघळून खाली जातो. पाणी पाइपने वळवून खालच्या अंगाला दगडांवर सोडा. खड्ड्यातलं गढूळ पाणी पंपाने थेट ओहोळात न सोडता बाजूच्या खड्ड्यात निवळू द्या. बांधाआड अडकलेले मासे आणि कासवं पंप लावण्याआधी टोपलीने खाली सोडा. पाच जणांचं तासाभराचं काम आहे, मनापासून करा. ताज्या काँक्रीटचं पाणी मात्र कुठल्याही सबबीवर प्रवाहात जाऊ देऊ नका. सिमेंटचं पाणी इतकं जहाल अल्कधर्मी असतं की थोड्या पाण्याच्या डोहातले मासे मरून तरंगायला लागतात. मिक्सर धुण्याची जागा काठापासून दूर, खड्डा काढून त्यात प्लास्टिक अंथरून करावी. डिझेलचे डबेही तिथेच.

जुने पाइप आणि तुटलेलं काँक्रीट सेवासदनाने ठरवलेल्या मलब्याच्या जागी न्यायचं आणि पावती फाइलला लावायची. पंचायतीच्या हद्दीत ती जागा अर्जातच लिहून घ्या, नाहीतर ठेकेदार जवळचं कोतर शोधतो.

बिल मंजूर होण्याआधी तीन गोष्टी स्वतः पाहा: गोण्यांचा बांध पूर्ण निघाला आहे का, खालचे दगड मोजून आहेत का, आणि पेटीतून आरपार पाहिलं तर दोन्हीकडच्या तळाशी तिची पातळी जुळते का. पुराच्या रेघेची उंची पंखभिंतीवर ऑइलपेंटने लिहून घ्या, तारखेसकट. पुढच्या जून-जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर खालच्या अंगाला उतरून काठीने तळ चाचपा. काठी आधीपेक्षा एक हात जास्त खोल गेली, तर दगड त्याच आठवड्यात भरून घ्यायचे.