गाडी उभी राहते ती फरशी

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वीची जूनमधली गोष्ट. रात्री पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळी माझे वडील पेपर घ्यायला पोर्चमध्ये गेले, ते गाडीच्या शेजारीच घसरून पडले. मनगट मोडलं. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. ती फरशी मी निवडली होती. दोन बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, दुकानात फार देखणी दिसली होती. मी वीस वर्षं घरांची बांधकामं करून घेते, पण त्या टाइलवर तांब्याभर पाणी ओतून, चप्पल काढून उभं राहून बघावं, हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हापासून मी कोणालाही गाडीच्या जागेची फरशी कोरडी बघून घेऊ देत नाही.

आपल्याकडे गाडीची जागा म्हणजे दार लावलेली खोली क्वचितच असते. असतो तो पोर्च, दोन-तीन बाजूंनी उघडा. पावसाचे शिंतोडे आत येतात, चाकांबरोबर चिखल येतो, गाडी तिथेच धुतली जाते. आणि त्याच जागेत उंबऱ्यापुढे रांगोळी निघते, उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत पडतात, मुलं क्रिकेट खेळतात, लाइट गेले की आजी खुर्ची टाकून बसते. गाडी दिवसातून दोनदा ये-जा करते, घरची माणसं मात्र तिथे दिवसभर अनवाणी वावरतात.

लोक आधी विचारतात, “ताई, गाडीचं वजन पेलेल ना?” छोटी चारचाकी साधारण ८०० ते १००० किलोची. म्हणजे एका चाकाखाली दोनशे-अडीचशे किलो, तेही हवा भरलेल्या रबरावर. नीट बसवलेली फरशी एवढं सहज सोसते. तिला खरा त्रास होतो तो पंक्चरच्या वेळी लावलेल्या जॅकचा, स्कूटरच्या स्टँडचा, आणि गाडी उभी असताना गरागरा फिरवलेल्या स्टिअरिंगचा. तेव्हा चाक पुढे सरकत नाही, जागच्या जागी फरशी रगडत राहतं.

टाइल तुटली की सगळे टाइलला नावं ठेवतात. मी ती उचलून खाली बघते. बहुतेक वेळा सिमेंटच्या मालाचे पाच गोळे दिसतात, चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक, आणि बाकी सगळं पोकळ. अशा पोकळीवर जॅक आला की टाइल गेलीच. म्हणून टाइलच घालायची असेल तर खडबडीत पार्किंग टाइल घ्या, जाड घ्या, आणि गवंडी साइटवर असतानाच प्रत्येक टाइलवर रुपयाचं नाणं वाजवा. भरीव बसली असेल तर टणक आवाज येतो, पोकळ असेल तर ढबढब. ढबढब वाजली ती त्याच दिवशी काढून पुन्हा बसवून घ्या. हिशेब नंतर.

हल्ली मोबाइलवर परदेशातली गॅरेजं बघून इपॉक्सीची, म्हणजे काँक्रीटवर द्यायच्या चकचकीत रसायनी लेपाची, मागणी येते. बंद, कोरड्या जागेत ती चांगली आहे, ऑइल सांडलं तर फडक्याने पुसून निघतं. पण उघड्या पोर्चमध्ये ती उन्हाने पिवळी पडते, आणि वर रवाळ वाळू पेरली नसेल तर ओली झाल्यावर घसरते. त्याहून मोठा शत्रू म्हणजे जमिनीतली ओल. खालून ओल चढली की कोटिंगला फोड येतात, आणि हायवेवरून तापून आलेल्या टायरला ते पापुद्र्यासारखं चिकटून उठतं. ठरवण्याआधी एक करा. हातभर लांब-रुंद जाड प्लास्टिक काँक्रीटवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा, रात्रभर राहू द्या. सप्टेंबरात एका घरी मी हे केलं, तर सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब होते आणि खालचं काँक्रीट काळपट पडलं होतं. त्या घराला मी इपॉक्सी करू दिली नाही.

मग घालावं काय? माझं उत्तर जुनंच आहे, शहाबादी. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद गावावरून नाव पडलेला हा चुनखडीचा दगड. तो थराथराने निघतो, म्हणून फरशीसाठी सोयीचा. मात्र पॉलिश केलेली घेऊ नका. वरून रफ, कडा मशीनने कापलेली, दीड ते दोन इंच जाडीची घ्या. ओल्या पायाला ती पकड देते, आणि एखादी फुटलीच तर तेवढीच बदलता येते. तिला एकच गोष्ट सोसत नाही, अ‍ॅसिड. बॅटरीतलं सांडलं किंवा संडास धुवायचं ओतलं, तर डोळ्यांदेखत फेस येतो आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. चुकून सांडलं तर लगेच खाण्याचा सोडा टाका आणि भरपूर पाणी ओता. कोटा फरशीचंही तसंच, तो दगडही चुनखडीचाच.

काळ्या मातीवर घर असेल तर मात्र मी पेव्हर ब्लॉक, म्हणजे वाळूवर सुटे बसवायचे काँक्रीटचे ठोकळे, सांगते. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरचा काँक्रीटचा कोबा चिरफाळतो. ब्लॉक खाली-वर झाले तर काढून, वाळू सारखी करून पुन्हा बसवता येतात. हलक्या वाहनांना ६० मिलिमीटर जाडीचे, एम-३५ दर्जाचे (हा काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) पुरतात. शक्य तेवढी काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारून धुमसाने ठोकून घट्ट दाबा, आणि कडेला पक्की काँक्रीटची पट्टी घाला. पट्टी नसेल तर ब्लॉक बाजूला सरकत जातात.

ढाळ घराकडून गेटकडे, दहा फुटांना सव्वा इंच. गवंडी “थोडा दिलाय” म्हणाला तरी बादलीभर पाणी ओतून बघा, पाणी कुठे थांबतं ते.

आणि काम दिवाळीनंतर काढा. मे महिन्यात घाईने काढलेलं काम पावसात सापडतं. आमच्याकडची टाइल आम्ही नोव्हेंबरात उखडली आणि रफ शहाबादी बसवली. फरश्यांमधल्या फटी सिमेंटने भरून झाल्यावर सात दिवस वडील रोज सकाळ-संध्याकाळ पाइप धरून पाणी मारत होते. दहा दिवस गाडी गल्लीत उभी होती. नुसता काँक्रीटचा कोबा केला असता, तर ती २८ दिवस बाहेर ठेवली असती.

नमस्कार.