आज नेमकं काय शोधायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

१६ नोव्हेंबर १९९२ ची गोष्ट. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात हॉक्सन नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली, म्हणून त्यानं आपल्या मित्राला, एरिक लॉज यांना बोलावलं. लॉज यांच्याकडे मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू आवाजानं दाखवणारं यंत्र होतं. काम एवढंच, हातोडी शोधून द्यायची. निघाली मात्र रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी, पंधरा हजारांच्या आसपास, शिवाय चांदीचे चमचे आणि सोन्याचे दागिने. हातोडीसुद्धा मिळाली बरं का! ती आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

नशिबाचा किस्सा म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. मला त्यातलं दुसरंच काही आवडतं. हे साधंसुधं प्रकरण नाही, हे ध्यानात आल्यावर लॉज यांनी खणणं थांबवलं आणि रीतसर कळवलं. त्यामुळे हा खजिना ज्या लाकडी पेटीत पुरला होता, तिच्यात काय कुठे ठेवलेलं होतं, हेही पुरातत्त्वाच्या मंडळींना उलगडता आलं. कुठवर खणायचं आणि कुठे हात आवरायचा, हे त्या माणसाला कळत होतं.

मीही मेटल डिटेक्टर घेऊन असाच शोधायला जातो. माझं पहिल्या वर्षी नेमकं उलटं होतं. घरातून निघतानाच मी ठरवायचो, आज चांदीचं नाणं. आता मला सांगा, जमिनीत चांदीचं नाणं आहे की नाही, हे माझ्या हातात आहे का? तासभर काही मिळालं नाही की जीव कासावीस व्हायचा, पावलं भराभर पडायची आणि कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची तबकडी, झोपाळ्यासारखी हलायला लागायची. म्हणजे मध्यावर जमिनीलगत आणि दोन्ही टोकांना वर. हे उचलणं फार महाग पडतं. लहानशी वस्तू कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर असली, तर अंतर दुप्पट झाल्यावर परत येणारा सिग्नल साधारण चौसष्टाव्या भागावर येतो. म्हणजे नाण्याच्या हव्यासापायी मी नाण्यावरूनच पुढे निघून जात असणार.

म्हणून आता मी ध्येय ठरवतो ते मला करता येण्याजोग्या गोष्टीचं. सगळ्यांत आवडतं म्हणजे दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असा एकच चौकोन. चार कोपऱ्यांना खुंट्या, भोवती दोरी. आधी उभ्या पट्ट्या, मग आडव्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून. आणि आतला एकूण एक सिग्नल खणायचा, लोखंडाचासुद्धा. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, आणि पहिला अर्धा तास ते असतंच. नुसते खिळे निघतात.

पण एकदा काय झालं, अशाच चौकोनात एका जागी आवाज येत होता, तुटक, खरखरीत, निव्वळ लोखंडी. एरवी मी सोडूनच दिला असता. त्या दिवशी सोडायची मुभा नव्हती. त्याच जागी काटकोनात वळून कॉइल फिरवली, तर त्या खरखरीच्या आत एक आखूड, स्वच्छ सूर. पुन्हा फिरवली, पुन्हा तोच. खुरप्यानं माती उकरली. आधी गंजून फुगलेला वाकडा खिळा आला आणि त्याच्याखाली, बोटभर अंतरावर, पितळेचं बटण. मागच्या कडीचा तुकडा अजून शाबूत होता. लोखंड शेजारच्या चांगल्या धातूचा आवाज असा झाकून टाकतं. पुस्तकात हे वाचलं होतं, कानाला कळलं त्या दिवशी.

दुसरं ध्येय अंदाजाचं. खणण्याआधी वहीत लिहायचं, काय निघेल आणि किती खोल. मग खणायचं. पहिल्या दिवशी वीसपैकी सहा अंदाज बरोबर आले आणि माझी सगळी ऐट उतरली. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा आकडा वस्तूची किंमत सांगत नसतो. तिच्यातून वीज किती सहज वाहते, आकार केवढा, या सगळ्याचं मिळून ते एक गणित असतं. म्हणून तर डब्याच्या झाकणाची अॅल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी पुष्कळदा एकाच आकड्यावर बोलतात. कड्यांना वैतागून तो आकडा कायमचा गाळणाऱ्यानं अंगठीची आशाही सोडावी.

बऱ्याच जणांना तिसरं ध्येय फालतू वाटेल, ते म्हणजे खड्डा. एका जमीनमालकानं मला मोठ्या मनानं परवानगी दिली होती. त्यांच्या गवतात मी घाईघाईनं दोन खड्डे अर्धवट बुजवले, गवत वाळून पिवळं पडलं आणि पुढच्या खेपेला त्यांनी दारातूनच नमस्कार केला. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापतो, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवतो. माती कापडावर काढतो, सगळी परत भरतो, वर पाय देऊन दाबतो. मग पाच पावलं मागे जाऊन बघतो. खड्डा मला स्वतःला ओळखू आला, तर त्या दिवसाचं ध्येय फसलं, मग खिशात काहीही असो.

परवानगीचा आणि तिथल्या कायद्याचा विषय ध्येयात धरत नाही, कारण तो उंबरठ्याच्या आतला विषय आहे. ते झाल्याशिवाय यंत्र गाडीत ठेवायचंच नाही.

आणि हो, वेळ ठरवा. मी दोन तासांवर थांबतो. कान थकला की बारीक सूर आधी हरवतात आणि ते हरवल्याचं आपल्याला कळत नाही, हीच खरी अडचण. शेवटच्या अर्ध्या तासातल्या नोंदी पुढे कधी वाचल्या की अक्षरावरूनच माझा थकवा दिसतो.

येत्या रविवारचं ध्येय वहीत लिहून ठेवलंय. तोच जुना चौकोन, खिळ्याबटणाचा. पडद्यावर कागद चिकटवायचा, आकडा बघायचाच नाही, नुसत्या आवाजावर अंदाज लिहायचे. वीसपैकी सहाच्या खाली जाईन, अशी माझी अटकळ आहे. तीसुद्धा वहीत लिहून ठेवली आहे.